खुंटीवर टांगलेलं बटण

मैत्रिणींनो, घरात सासूबाई असोत की माहेरी एकटी राहणारी आई, त्यांनी सत्तरी ओलांडली की एक धास्ती आपल्या मनात ठाण मांडून बसते. ‘कोणी जवळ नसताना त्या पडल्या तर?’

या धास्तीवर उपाय म्हणून आता बऱ्याच वस्तू मिळतात. गळ्यात घालायचं बटण असतं. ते दाबलं की घरच्यांना किंवा मदत केंद्राला फोन जातो. मनगटावरचं घड्याळ तर पडल्याचा हिसका ओळखतं, आणि मिनिटभर हालचाल झाली नाही की आपण होऊन फोन लावतं. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली.

वस्तू आणली की काळजी मिटली, असं आपल्याला वाटतं. पण तसं होत नाही, बरं का!

इंग्लंडमधल्या केंब्रिजला नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांची पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. ११० पैकी ९० बायकाच होत्या. वर्षभरात ६६ जण पडले, आणि त्यातले २० जण तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ जमिनीवर पडून होते. मदतीची बटणं पुष्कळांकडे होती. पण इतका वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत!

असं का व्हावं? आपल्याच घरात कान देऊन ऐका. “मला काय धाड भरलीय?” “लोक म्हणतील, आजी आता थकल्या.” “चुकून वाजलं तर सगळ्यांची धावपळ.” आणि या सगळ्यांच्या तळाशी एक न बोललेली भीती असते: पडल्याचं कळलं की देवळात जाणं बंद, गच्चीवर जाणं बंद, एकटीनं राहणं बंद. म्हणून बटण खुंटीवर राहतं आणि गुडघ्याचं खरचटणं पदराआड लपतं.

पण हे लपवणं महागात पडतं. तासन् तास एकाच अंगावर पडून राहिलं की त्वचेला जखमा होतात, स्नायूंना इजा होते, शरीरातलं पाणी कमी होतं. हाड मोडलं नसलं तरी माणूस खचतं.

मग काय करावं? आधी शब्द द्या, मग वस्तू आणा. “आई, तुम्ही पडलात तरी तुमचं देवळात जाणं मी बंद करणार नाही. फक्त मला कळू दे,” असं म्हणा आणि तो शब्द पाळा. बटण हवं की घड्याळ, फोन लेकाला जावा की लेकीला, हे त्यांनाच ठरवू द्या. खोलीत कॅमेरा नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका. लाज वयाबरोबर जात नाही.

वस्तू आणलीत की दोघींनी मिळून दोनचारदा वाजवून बघा, म्हणजे फजितीची भीती जाते. घड्याळ रात्री चार्जिंगला लावू नका. मध्यरात्री न्हाणीघरात जाताना तेच हातात हवं. दुपारी तुम्ही जवळ असताना लावा. भिंतीला धरून हळूच घसरलेलं माणूस घड्याळाला कळेलच असं नाही, म्हणून घड्याळ असलं तरी बटण कसं दाबायचं हे ठाऊक हवं. न्हाणीघराला आतून कडी नको, आणि घराची एक किल्ली शेजारी असू द्या. नाहीतर मदत दाराशीच खोळंबायची! धरायला दांडी, ओल्या फरशीवर न घसरणारं पायपुसणं आणि रात्रीचा छोटा दिवा हवाच.

आणि हो, सत्तरी आपल्यालाही गाठायची आहे. तेव्हा सुनेनं आपल्याला कसं विचारलेलं आवडेल? आज सासूबाईंना तसंच विचारा.