नोकरीचा राजीनामा आणि कलेची वाट

आजचा विषय सुशिक्षित घरांतून हल्लीं वारंवार निघणारा आहे. मोठ्या कंपनींत दहा-बारा वर्षें काढलेला, चांगला पगार मिळविणारा मुलगा एके दिवशीं म्हणतो, "मी नोकरी सोडणार, मला चित्रें काढावयाचीं आहेत." मुलगी म्हणते, "मला लिहावयाचें आहे." वडील मंडळी म्हणतात, हें खूळ आहे. मित्र म्हणतात, हें धैर्य आहे. माझ्या मतें खरा प्रश्न निराळाच आहे. या निर्णयाची किंमत कोण देणार आणि किती काळ देणार, हा तो प्रश्न होय. तीन प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारें त्याचा विचार करूं.

पहिलें उदाहरण फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याचें. हा पॅरिसच्या शेअर बाजारांत दलालीच्या धंद्यांत होता. चित्रकला फावल्या वेळची. १८८२ सालीं बाजार कोसळला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें पूर्ण वेळ चित्रकार होण्याचें ठरविलें. पदरीं पत्नी व पांच मुलें. चित्रें खपेनात, म्हणून कुटुंब पत्नीच्या माहेरीं कोपनहेगनला गेलें. १८८५ मध्यें गोगँ पॅरिसला परतला आणि पत्नी मेटे फ्रेंच भाषेच्या शिकवण्या करून संसार चालवूं लागली. १९०३ सालीं तो प्रशांत महासागरांतील मार्केसास बेटांवर वारला. आज त्याचीं चित्रें जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांचें भूषण आहेत. परंतु त्या वैभवाचा हिशेब मांडतांना मेटेच्या शिकवण्या विसरून चालणार नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्याच धुंडिराज गोविंद फाळके यांचें. एक चित्रपट पाहिला आणि फाळक्यांनीं उडी घेतली, अशी लोकांची समजूत आहे. वस्तुतः त्या उडीमागें पंचवीस वर्षांची तयारी होती. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यांतील नोकरी आणि लोणावळ्याचा छापखाना, अशा क्रमानें त्यांचा हात तयार झाला होता. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व यंत्रसामग्री घेऊन आले. परत आल्यावर त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या वाढीचें थोडेंथोडें चित्रण करून एक छोटा चित्रपट केला, आणि तो दाखवून भांडवल मिळविलें. सावकारापुढें त्यांनीं नुसती कल्पना मांडली नाहीं; कामाचा नमुना ठेवला. सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, फिल्मला भोकें पाडण्याचें काम शिकून घेतलें आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यांत त्या माउलीचा वाटा केवढा, हें यावरून दिसतें.

तिसरे सत्यजित राय. १९४३ सालीं ते कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या इंग्रज जाहिरात कंपनींत दरमहा ८० रुपयांवर लागले. 'पथेर पांचाली' कादंबरीच्या मुलांसाठीं काढलेल्या आवृत्तीला त्यांनीं चित्रें काढलीं, आणि तेथेंच पुढील चित्रपटाचें बीज पडलें. १९५२ मध्यें चित्रीकरण सुरू झालें, तें मुख्यतः रविवारीं व सुटीच्या दिवशीं. विम्याची पॉलिसी, संग्रहांतील ध्वनिमुद्रिका, पत्नी बिजोया यांचे दागिने, सर्व कामीं आलें. तरी पैसा संपला आणि काम कित्येक महिने थांबलें. अखेर पश्चिम बंगाल सरकारनें मदत केली व ऑगस्ट १९५५ मध्यें चित्रपट कलकत्त्यास प्रदर्शित झाला. नोकरीचा राजीनामा आला तो त्यानंतर.

या तीन चरित्रांतून कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, कीं कला राजीनाम्यानें येत नाहीं; ती आधीं हातीं यावी लागते. जो नोकरी असतांना रविवारची सकाळ कलेला देऊं शकत नाहीं, तो सोमवार ते शनिवार मोकळे मिळाल्यावर देईलच असें नाहीं. दुसरी गोष्ट हिशेबाची. घरखर्च दरमहा ४०,००० रुपये असेल, तर दीड वर्षासाठीं ७,२०,००० रुपये हाताशीं हवेत. गृहकर्जाचा हप्ता यांत धरला आहे कीं नाहीं, तें पाहावें. कंपनीनें काढलेला आजारपणाचा विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. घरांत वृद्ध आईवडील असल्यास तो स्वतंत्रपणें आधींच काढावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: घरांतील माणसांची संमति. हा निर्णय एकाच्या सहीनें होतो, पण त्याचा भार सर्वांच्या पानांतून वजा होतो. तेव्हां आंकडे मांडून, मुदत ठरवून, सर्वांसमक्ष बोलावें.

वडील मंडळींनाही एक विनंति आहे. मुलाची ओढ थट्टेवारी नेऊं नका. "तूं दोन वर्षें प्रयत्न कर, तोंवर घर आम्हीं सांभाळूं," असें म्हणणें शक्य असेल, तर अवश्य म्हणा. शक्य नसेल, तर तेंही मोकळेपणानें सांगा. आणि ज्यांना नोकरी सोडणें या जन्मीं साधणार नाहीं, त्यांनीं मन खट्टू करूं नये. रोज पहाटेचा एक तास कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसतो. त्या एका तासांत काय होतें तें वर्षभर पाहावें, आणि मगच राजीनाम्याचा कागद पुढें ओढावा.