जन्ममृत्यूचे दप्तर
दहा वर्षांनी एकदा खानेसुमारीचा गणक दारी येऊन माणसे मोजून जातो. परंतु दोन मोजण्यांच्या मध्यंतरी जन्मास येऊन बारशापूर्वीच गेलेले मूल त्याच्या शिरगणतीत येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेने ज्या खेड्यांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग आरंभिला, तेथे म्हणूनच औषधाच्या आधी वही आली: गावातलाच एखादा लिहितावाचता इसम प्रत्येक जन्म व मृत्यू टिपून ठेवी, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फेरी करून निसटलेली नोंद हुडकून काढली जाई. काम कंटाळवाणे खरे, आणि मूल गमावलेल्या मातेस तारीख विचारणे तर जिवावर येणारे. तथापि ३९ गावांत शुश्रूषा पुरवीत असतानाच तुलनेसाठी आणखी ४७ गावांचेही दप्तर तितक्याच निष्ठेने राखल्यामुळे, नवजात-मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडता आले. मला मात्र त्या ४७ गावांचेच ऋण अधिक वाटते. त्यांच्या पदरी त्या काळी ही नवी शुश्रूषा पडली नव्हती, पडला तो केवळ वहीतला हिशेब.