वेल्डिंगचा धूर व शरीराची रोगप्रतिकारशक्ती

शेतीच्या कामी पूर्वी सुतार जितका आवश्यक असे, तितकाच आज वेल्डिंग करणारा कारागीर आवश्यक होऊन बसला आहे. कुळव, तिफण व गाडी ही लाकडाची असत. आज मोगडा, पेरणीयंत्र व ट्रॉली ही सर्व लोखंडाची आहेत. द्राक्षबागेचे खांब, गोठ्याच्या कैच्या, विहिरीवरील पाइप, वाड्याचे फाटक, यांपैकी एकही वस्तू वेल्डिंगवाचून उभी राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर व त्या बाजूच्या गावी दगडमातीची घरे कोसळून जी प्राणहानी झाली, ती पाहिल्यावर जड माळवदाविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली आणि हलक्या पत्र्याच्या छपराकडे त्यांचा कल झाला. तेव्हापासून या कारागिराचे काम वाढतच गेले. आज कित्येक शेतकऱ्यांच्या मुलांनी हाच जोडधंदा पत्करला असून, काहींनी घरच्या दुरुस्तीपुरते यंत्र वाड्यातच आणून ठेवले आहे.

वेल्डिंग करणारा मनुष्य डोळ्यांस जपतो, कारण ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याचे फळ त्यास त्याच रात्री मिळते. परंतु धुराविषयी तो बेफिकीर असतो. ‘पहिले काही दिवस त्रास होतो, पुढे सवय होते,’ असे उत्तर कोणत्याही दुकानात ऐकावयास मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हा धूर म्हणजे काय ते पाहू. चुलीचा धूर जळणाचा असतो. वेल्डिंगचा धूर मुख्यतः धातूचा असतो. ठिणगीच्या प्रचंड उष्णतेने लोखंड व काडीवरील लेप यांची वाफ होते आणि ती हवेत येताच थिजून तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. या धुरात लोखंड व मँगनीज हे धातू असतात; बिनगंजी पोलादाच्या कामात क्रोमियम व निकेल यांची भर पडते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा असेल तर प्रकार आणखी वेगळा. लोखंड वितळण्यास सुमारे १५०० अंश उष्णता लागते. जस्त मात्र ९०७ अंशांवरच उकळू लागते. म्हणजे लोखंडाचा सांधा जुळण्यापूर्वीच जस्ताची वाफ झालेली असते. जस्ती पाइप जोडताना दिसणारा दाट पांढरा धूर तो हाच.

हे कण किती बारीक असतात, याची कल्पना मळणीच्या भुसकटावरून करू नये. मळणीची धूळ बरीचशी नाकात व घशात अडकते आणि शिंकेने किंवा खाकरण्याने बाहेर पडते. धातुधुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून लहान असतात. मनुष्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे हे कण थेट फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात.

गावाच्या रक्षणास जसा जागल्या, तशा या वायुकोशांच्या रक्षणास भक्षकपेशी असतात. आत आलेला रोगजंतू किंवा धुळीचा कण गिळून टाकणे व प्रसंगी रक्तातील इतर रक्षकांस हाक देणे, ही त्यांची कामे होत. वेल्डिंगचा धूर या पहारेकऱ्यांवर दोन परस्परविरुद्ध परिणाम करतो.

पहिला परिणाम म्हणजे खोटी हाकाटी. जस्ताचे कण आत जाताच भक्षकपेशी जणू मोठे रोगजंतूंचे आक्रमण झाले असे समजून रक्तात उत्तेजक द्रव्ये सोडतात व पांढऱ्या पेशी फुफ्फुसाकडे धावतात. काम केल्यावर चार ते दहा तासांनी तोंडास धातूची किंवा गोडसर चव येते, घसा कोरडा पडतो, हुडहुडी भरते, अंग मोडून येते व ताप चढतो. साधारणतः एकदोन दिवसांत तो आपोआप उतरतो. दिवसा जस्ती पाइप जोडलेल्या मनुष्यास रात्री थंडी वाजून आली की घरची मंडळी हिवताप समजतात. हा धातुज्वर नवा नव्हे. बर्मिंगहॅम येथील पितळ ओतणाऱ्या कामगारांत आढळणाऱ्या या तापाचे वर्णन डॉक्टर ग्रीनहाऊ यांनी १८६२ सालीच केले आहे.

या तापाचा एक चमत्कारिक गुण आहे. रोज जस्ताचे काम करणाऱ्यास तो दुसऱ्यातिसऱ्या दिवसापासून येईनासा होतो. मात्र दोन दिवसांच्या सुट्टीनंतर पुन्हा काम सुरू करताच तो परत येतो. म्हणून परदेशी कामगार त्यास ‘सोमवारचा ताप’ म्हणत. ‘सवय होते’ हा समज येथूनच निघाला. परंतु ताप न येणे म्हणजे धूर आत न जाणे नव्हे. कण पूर्वीप्रमाणेच आत जात राहतात. फक्त जागल्याने हाक देण्याचे सोडलेले असते.

दुसरा परिणाम याहून घातक होय. दिवसेंदिवस लोहकण गिळून भक्षकपेशी त्यांच्या भाराने बोजड होतात व खऱ्या शत्रूस मारण्याची त्यांची शक्ती कमी पडते. शिवाय लोह हे कित्येक रोगजंतूंचे खाद्यच आहे. फुफ्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया, उत्पन्न करणारा न्यूमोकोकस नावाचा जंतू धातुधूर लागलेल्या पेशींस अधिक प्रमाणात चिकटतो, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे एकीकडे पहारा दुबळा, तर दुसरीकडे चोरास दाराशी आधार, अशी स्थिती होते.

ही केवळ कल्पना नव्हे. कॉगन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली इंग्लंड व वेल्स येथील मृत्यूंच्या नोंदी धंद्यानुसार तपासून पाहिल्या. कामाच्या वयातील वेल्डर लोकांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. परंतु निवृत्तीच्या वयानंतर हा फरक दिसत नव्हता. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. धूर चालू आहे तोवर धोका चालू आहे, मग सवय कितीही झालेली असो. आणि धूर थांबला की प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी पूर्ववत होते. तेव्हा प्रयत्न केल्यास फळ आहे.

मात्र सर्वच हानी अशी भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुरास मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. म्हणून धूर टाळणे हाच मुख्य उपाय होय.

याबाबत आपल्याकडे गूळ व दूध यांवर फार भरवसा ठेवतात. दोन्ही उत्तम अन्न आहेत. परंतु ती पोटात जातात आणि धूर फुफ्फुसात जातो. गुळाचा खडा तोंडात धरल्याने घसा ओला राहील, वायुकोशांतील कण मात्र हलणार नाहीत. तोंडावर बांधलेल्या उपरण्याचीही तीच गोष्ट. त्याच्या विणीतून हे कण सहज पार होतात.

खरे उपाय पुढीलप्रमाणे आहेत. जस्ती माल जोडण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मुलामा व रंग घासून काढावा. हे घासण्याचे कामही मुखपट्टी बांधूनच करावे. काम बंद खोलीत किंवा टाकीत न करता उघड्यावर करावे. वाऱ्याकडे पाठ किंवा तोंड न करता वारा बाजूने वाहील असे बसावे, आणि धुराच्या लोटावर मान वाकवू नये. दुकानात सांध्याजवळूनच धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवावा. उघड्यावरही पूर्ण संरक्षण मिळत नाही. तेथेही कण अडवणारी, चेहऱ्यास घट्ट बसणारी मुखपट्टी हवी. पी-३ प्रतीची गाळणी उत्तम. ती न मिळाल्यास निदान एन-९५ वापरावी. दाढी वाढलेली असल्यास ती नीट बसत नाही. विडी व सिगारेट यांनी फुफ्फुसाचा पहारा आणखी दुबळा होतो, म्हणून ती सोडावीत.

नित्य धातुधुरात काम करणाऱ्यांनी न्यूमोकोकसविरुद्ध लस घ्यावी, अशी शिफारस ब्रिटनच्या लसविषयक समितीने २०११ साली केली. आपल्याकडेही प्रौढांसाठी ही लस मिळते. तिच्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप आल्यास ‘मी वेल्डिंगचे काम करतो’ हे डॉक्टरांस प्रथम सांगावे. ताप दोन दिवसांहून अधिक टिकला, श्वास घेताना छातीत कळ आली, धाप लागली किंवा बेडका तांबूस पडू लागला, तर धातुज्वर समजून घरी थांबू नये. विनाविलंब रुग्णालय गाठावे.

शेवटी जमीनदार बंधूंस एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारखान्यांचे कायदे कामगारांच्या संख्येवर लागू होतात. गावातील एकदोन माणसांचे दुकान त्यांच्या कक्षेबाहेर राहते. तेव्हा आपल्या अंगणात ट्रॉली जोडणारा कारागीर असो, मदतीस धरलेला सालगडी असो, की स्वतःचा मुलगा असो, त्याच्या श्वासाची काळजी घेणारा तेथे दुसरा कोणी नसतो. नव्या ट्रॉलीच्या खर्चात चांगल्या मुखपट्टीची किंमत नगण्य आहे. ती काम सुरू होण्यापूर्वी आणून ठेवावी, आणि जस्ती पाइपाचा मुलामा घासण्यास लागणारा वेळ मजुरीत मोजून द्यावा, म्हणजे घाईपोटी ते काम टाळले जाणार नाही.