दिंडीत नाव नोंदवावे का?

ज्येष्ठ महिना जवळ आला की बुलडाणा जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. कुणाच्या आईला, कुणाच्या काकांना, कुणाच्या नुकत्याच निवृत्त झालेल्या मास्तर वडिलांना यंदा पायी पंढरपूरला जायचे असते. मुले म्हणतात, "बाबा, गुडघ्याचं काय?" सून म्हणते, "एकटे कसे जाल?" मग कुणीतरी सुचवते, "एखाद्या दिंडीत नाव घाला ना!" इथून खरा प्रश्न सुरू होतो. दिंडीत नाव घालायचे म्हणजे पैसे भरायचे, नियम पाळायचे, महिनाभर दुसऱ्याच्या शिट्टीवर उठायचे. त्यापेक्षा आपले आपण, जमेल तसे चालत गेलो तर काय बिघडले? आणि पहिल्याच वर्षी जाणाऱ्याने दिंडीत शिरावे तरी का?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. जिथे माणसे बिऱ्हाड पाठीशी घेऊन हिंडतात, तिथे तो पडतोच. ब्रिटनमध्ये १९०७ साली कॅरॅव्हॅन क्लब निघाला. चाकांवरच्या घरातून सुट्टी घालवणाऱ्या हौशी लोकांचे ते मंडळ. त्या काळात ही घरे घोडे ओढत. नव्याने गाडी घेणारा तिकडचा माणूसही हाच हिशेब करतो की वर्गणी भरून मिळते काय. रात्री गाडी लावायला हक्काची जागा, विम्याचा सल्ला आणि अनुभवी लोकांची सोबत, असे त्याचे उत्तर असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण मराठी माणसाचा फिरता संसार त्याच्या कितीतरी शतके आधीपासून रस्त्यावर आहे. तंबू, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, आचारी आणि वर्षानुवर्षे ठरलेले मुक्काम असा सगळा सरंजाम घेऊन चालणारी दिंडी हाच आपला सर्वांत जुना प्रवासी क्लब होय.

दोन पालख्यांचा जिल्हा

बुलडाणा जिल्ह्याचे भाग्य असे की इथून आषाढीला दोन मोठ्या पालख्या जातात. मुक्ताईनगरहून निघणारी आदिशक्ती मुक्ताईची पालखी मलकापूर, मोताळा, बुलडाणा, चिखली असा आपला जिल्हा ओलांडून जालन्याकडे उतरते. दुसरी अर्थातच शेगावची. श्री गजानन महाराज संस्थानची पालखी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पंढरपूरला जाते आहे. करोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीसारखी पायी वारी होऊ शकली नाही, एवढाच अलीकडचा खंड.

शेगावची वाट लांबची आहे. अकोला, पातूर, मालेगाव, रिसोड, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा आणि मग पंढरपूर. अंतर सुमारे ७५० किलोमीटर आणि दिवस साधारण ३३. भागाकार केला तर रोजचे बावीस-तेवीस किलोमीटर पडतात. सरासरीचा आकडा फसवा असतो. एक दिवस कमी चाललात तर दुसऱ्या दिवशी तिशीही गाठावी लागते. गुरुपौर्णिमेनंतर पालखी पुन्हा पायीच परत फिरते आणि बार्शी, बीड, जालना, सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव अशी तीनेक आठवड्यांनी शेगावला पोहोचते. जाऊन-येऊन दोन महिन्यांचा हा व्रतस्थ कार्यक्रम आहे.

याउलट आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. तिथे पंधरा-अठरा दिवस लागतात आणि मध्ये विश्रांतीचे मुक्कामही असतात. पुण्याहून सासवडचा दिवेघाटाचा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा सोडला तर बाकीचे दिवस बेताचे असतात. दोन्ही वाऱ्याच, पण एकीला दोन आठवड्यांची रजा पुरते, दुसरीला घरदारच बाजूला ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचे लोक विसरतात. आषाढी एकादशी दरवर्षी इंग्रजी तारखेने पुढे-मागे होते. २०२३ साली ती २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला. तिच्या महिनाभर आधी निघायचे म्हणजे कधी प्रस्थान मे महिन्याच्या अखेरीस येते, कधी जूनच्या मध्यावर. मे अखेरीचे अकोल्याचे ऊन काय असते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. नवख्याने वर्ष निवडताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावेत.

भिशीत काय मिळते?

दिंडीत नाव घालणाऱ्याने भरायच्या रकमेला वारकऱ्यांच्या बोलीत भिशी म्हणतात. ती दिंडीगणिक वेगळी असते. काही ठिकाणी दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, तंबूतली जागा आणि सामानाची वाहतूक सगळे तीत येते. काही ठिकाणी फक्त जेवण असते आणि अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने सांभाळायचे. पैसे भरण्याआधी हे विचारून घेण्यात संकोच कसला? देवाच्या कामात व्यवहार विचारू नये, असे म्हणणारे बहुधा पहिल्याच मुक्कामाला वैतागतात.

सुटे चालणारे लोकही हजारोंनी असतात आणि त्यांचे काही अडत नाही. वाटेवरची गावे उदार असतात. भाकरी, पिठले, केळी, चहा यांची ददात पडत नाही. अडते ते रात्री. पाऊस कोसळत असताना शाळेचा व्हरांडा आधीच भरलेला असतो, देवळात पाय ठेवायला जागा नसते आणि पाठीवरचे ओझे भिजलेले असते. दिवसा पाठीवर पाच किलो आणि तळपायाला फोड, रात्री ओली सतरंजी. असे चार दिवस गेले की भक्ती बाजूला राहून एसटीचे वेळापत्रक आठवू लागते. भिशीचे पैसे मुख्यतः या रात्रीसाठी असतात. पाठ मोकळी राहते आणि डोके टेकायला ठरलेली जागा मिळते.

दुसरा लाभ दुखण्याखुपण्यातला. दिंडीत माणूस मोजलेला असतो. विणेकरी कुठे, टाळकरी कोणत्या रांगेत, तुळस घेतलेल्या बाया किती, हे चालकाला ठाऊक असते. संध्याकाळी पंगतीत पान रिकामे दिसले की चौकशी होते. सुट्या माणसाला चक्कर आली तर तो कुणाचा, हे समजायलाच तासभर जातो.

आळंदीच्या पालखीत तर तक्रारीचीही सोय आहे. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा जनसागर क्षणात शांत होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिचे म्हणणे ऐकले जाते. हरवले-सापडलेलेही तिथेच पुकारले जाते. भांडण टाळांनी मांडायचे आणि आरतीच्या आत मिटवायचे, ही पद्धत आपल्या गृहनिर्माण संस्थांनीही शिकावी अशी आहे.

मोबदल्यात द्यावे काय लागते?

पैसे हा त्यातला लहान भाग. दिंडी तुमच्याकडून तुमची लहर मागते. पहाटे तीन-चारला उठायचे, थंड पाण्याने आंघोळ उरकायची, ओळीत चालायचे, विसाव्याला थांबायचे आणि निघा म्हटले की निघायचे. रात्री हरिपाठ, कीर्तन. एखाद्या गावचा तलाव छान वाटला म्हणून रेंगाळता येत नाही. शेगावच्या पालखीत सुमारे ७०० वारकरी असतात. पांढरा पोशाख, खांद्यावर पताका आणि सरळ रांगा. वाहतूक अडू न देता ती मंडळी रस्त्याच्या कडेने जातात. ही शिस्त संस्थानच्या कारभाराची आहे. २०२१ साली निवर्तलेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी ती अनेक दशके जोपासली. तिथे जागा मर्यादित असतात आणि निवड संस्थानच्या नियमांनी होते. हौसेने 'यंदा जाऊन पाहू' म्हणणाऱ्यासाठी ती पहिली पायरी नव्हे.

ज्याला स्वतःच्या चालीने, स्वतःच्या विचारात चालायचे आहे त्याला दिंडी जाचेल. त्यात कमीपणा नाही. स्पेनमधल्या सँटियागोच्या वाटेवर जगभरचे यात्रेकरू बहुतेक एकेकटे चालतात, कारण तिथे वाटेवर ठिकठिकाणी यात्रेकरूंसाठी बारमाही निवास आहेत. तंबू बरोबर नेण्याची गरजच नाही. आपली वारी वर्षातून एकदाच, ठरल्या दिवसांत आणि लाखोंच्या संख्येने जाते, म्हणून निवारा बरोबर घेऊन चालावे लागते. दिंडी जन्मली ती या गरजेतून. त्या स्पॅनिश वाटेचा एक नियम मात्र घेण्यासारखा आहे. तिथे निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालले तरी यात्रेचे प्रमाणपत्र मिळते. अख्खी वाट चालली नाही म्हणून यात्रा खोटी ठरत नाही.

पंगत कशी बसते?

एक प्रश्न मात्र पैशाच्याही आधी विचारावा. या दिंडीत सगळ्यांची पंगत एकच बसते का? इरावती कर्वे यांनी आपल्या वारीवरच्या लेखात, एकाच दिंडीत भजन एकत्र आणि चुली मात्र जातीप्रमाणे वेगळ्या, हे चित्र स्पष्टपणे मांडून ठेवले आहे. त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. चुली बहुतेक ठिकाणी एक झाल्या आहेत, पण विचारून घेतलेले बरे.

आपल्या जिल्ह्याला तर हे विचारण्याचा विशेष अधिकार आहे. संत चोखामेळा यांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या मेहुणा राजा या गावाकडे बोट दाखवते, ते देऊळगाव राजा तालुक्यातले. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला असे परंपरा सांगते आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. देवळाचे दार सर्वांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण यावे लागले. शेगावची पालखी मंगळवेढ्यावरूनच पंढरपुरात जाते. त्या वाटेने चालणाऱ्याला पानाशेजारी पान कुणाचे, याची अडचण वाटत असेल, तर चालून काय साधले?

नवख्याने काय करावे?

आधी एक दिवस चालावे. परतीची पालखी खामगावहून शेगावला जाते तो शेवटचा टप्पा सुमारे सोळा-सतरा किलोमीटरचा आहे आणि त्या दिवशी जिल्ह्यातून हजारो लोक नुसते तेवढ्यासाठी येतात. भिशी नाही, रजा नाही, संध्याकाळी घरी. माघातल्या प्रकटदिनाला आणि रामनवमीलाही गावोगावच्या लहान दिंड्या शेगावी येतात. आपल्या गावची दोन-तीन दिवसांची असेल तर तिच्यात जावे. तीत सतरंजीवर झोप लागते का, पहाटे पोट साफ होते का, दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जमिनीला लागते का, हे सगळे कळते. वारी सोडून परत येणाऱ्यांपैकी पुष्कळांना यातलेच काहीतरी नडलेले असते.

ते निभले तर पुढच्या आषाढीला ओळखीच्या माणसाच्या लहान दिंडीत, शक्य तर कमी दिवसांच्या वाटेवर, नाव घालावे. चौकशी करावी ती अशी: मुक्कामांची यादी छापील आहे का? ट्रक आणि टँकर दिंडीचे स्वतःचे की दोघा-तिघांत मिळून? बायकांच्या आंघोळीची आणि शौचाची सोय काय? मध्येच परतावे लागले तर भिशीचे काय? दिंडीची नोंदणी आहे का? २०२४ साली राज्य सरकारने प्रमुख पालख्यांतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले, ते नोंद असलेल्या दिंड्यांनाच. नोंद असली म्हणजे जबाबदार माणसाचे नाव कुठेतरी कागदावर असते.

तब्येतीचे दोन शब्द. नवे बूट घालून वारीला निघू नये. महिनाभर वापरलेले घ्यावेत. आधीचे दोन महिने रोज तासभर चालावे आणि हळूहळू दोन तासांवर जावे. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ पट्टी बांधावी. मधुमेह्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावलेली असते, जखम झालेली कळत नाही, म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी कुणाकडून तरी पाय पाहून घ्यावेत. रक्तदाबाच्या गोळ्या सामानाच्या ट्रकमध्ये न ठेवता स्वतःजवळच्या पिशवीत ठेवाव्यात. ट्रक मुक्कामावर पुढे जातो आणि गोळीची वेळ वाटेत येते.

घरच्यांनीही थोडे समजून घ्यावे. साठीच्या आईने वारीला जाते म्हटले की आपण लगेच तिच्या गुडघ्यांचा विषय काढतो. चाळीस वर्षे त्याच गुडघ्यांवर तिने घर चालवले, तेव्हा तो निघाला नव्हता. तिला अडवण्यापेक्षा खामगावपासून शेगावपर्यंत एक दिवस तिच्या बरोबर चालावे. संध्याकाळी शेगावात पोहोचल्यावर ती थकलेली दिसते की टवटवीत, ते आपल्याला दिसेलच. मग दिंडीत नाव घालायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्यावे. आणि तिने हो म्हटले, तर भिशी आपण भरावी.