स्त्री-फुटबॉलपटूंचा ‘दम’ : संज्ञा आणि सराव

‘दम’ हा शब्द मराठीत इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याच्या अर्थाची फोड केल्यावाचून प्रस्तुत विषयाकडे वळणे इष्ट नाही. हुतूतूत दम म्हणजे एका श्वासावर टिकून राहणे. ‘दम लागणे’ म्हणजे श्वास अपुरा पडणे. ‘दम खाणे’ म्हणजे गेलेला श्वास परत मिळविण्यासाठी थांबणे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या शारीरिक क्षमतेचा विचार करताना आपण बहुधा पहिला अर्थ गृहीत धरतो; वस्तुतः येथे कामास येतो तो शेवटचा. आमच्या विभागाच्या खिडकीतून दिसणाऱ्या मैदानावर मुलींकडून सायंकाळी संथ गतीने फेऱ्या मारवून घेतल्या जातात. त्यामागे हाच शब्दार्थाचा घोटाळा असावा, अशी माझी समजूत आहे.

डेन्मार्कमधील अव्वल स्त्री-खेळाडूंचे जे निरीक्षण २००५ साली प्रसिद्ध झाले, त्यात एका सामन्यातील धाव सुमारे १० किलोमीटर भरली. त्यांपैकी वेगाची धाव जेमतेम १.३ किलोमीटर होती. उरलेला काळ चालण्यात व मंद धावण्यात गेला आणि हालचालीचा प्रकार दर चार-पाच सेकंदांनी बदलत राहिला. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सर्वोच्च दर्जाच्या खेळाडूंची वेगाची धाव त्याखालील दर्जाच्या खेळाडूंपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी अधिक आढळली. तात्पर्य, भेद पडतो तो एका झेपेनंतर दुसऱ्या झेपेस किती लवकर सिद्ध होता येते यावर. येन्स बांग्सबो यांनी रचलेली ‘यो-यो’ चाचणी हेच मोजते : २० मीटर धावत जाऊन परत यावयाचे, १० सेकंद दम खावयाचा, आणि वाढत्या वेगाने पुन्हा निघावयाचे.

सराव याच धर्तीचा हवा. चार मिनिटे हृदयस्पंदन कमालीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर राहील अशी धाव, मग तीन मिनिटे मंद गती, आणि अशी चार आवर्तने, ही पद्धती नॉर्वेत आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे योजली गेली. प्राणवायू ग्रहण करण्याची क्षमता तर वाढलीच. शिवाय सामन्यात कापलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले. लहान मैदानावर चारास चार असे खेळवूनही हृदयावर जवळजवळ तेवढाच ताण आणता येतो, आणि चेंडू पायाशी राहतो हा अधिक लाभ. तथापि २००१ साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतील तो प्रयोग तरुण मुलांवरील होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मापे पुरुषांची घ्यावयाची आणि ती स्त्रियांना बेतावयाची, ही रीत जुनीच आहे. १९९१ साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्त्री-विश्वचषकात तर सामने ८० मिनिटांचेच ठेवले गेले होते!

परंतु एका बाबतीत मुलींवरील संशोधन भक्कम आहे, आणि दुर्दैवाने आपल्याकडे तीच बाब सर्वांत उपेक्षित आहे. मांडीचे हाड व नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकस बांधून ठेवणारा जो बंध खेळाडू ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखतात, तो फुटबॉलमध्ये स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात तुटतो. २०२३ च्या विश्वचषकास लीआ विल्यमसन, बेथ मीड व व्हिव्हियान मिडेमा या तिघी याच दुखापतीमुळे मुकल्या. बहुतेकदा हा बंध कोणाचा धक्का न लागताच तुटतो. उडीनंतर पाय टेकताना किंवा एकाएकी दिशा बदलताना गुडघा आत कलतो, आणि तेवढे पुरते. म्हणून सरावाच्या आरंभी गुडघा पावलाच्या रेषेत राखून उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, तसेच गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदारणीने घोटे धरले असता, शरीर ताठ ठेवून सावकाश पुढे झुकणे हे व्यायाम घ्यावयाचे असतात. शेवटच्या व्यायामाने मांडीच्या मागील बाजूचे स्नायू बळावतात.

स्वीडनमध्ये चार हजारांहून अधिक मुलींवर असा पंधरा मिनिटांचा क्रम आठवड्यातून दोनदा योजून पाहिला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बंधाच्या दुखापती ६४ टक्क्यांनी घटल्या. अर्थात लाभ मिळतो तो क्रम नियमाने पाळणाऱ्यांना. महिन्यातून एकदा आठवण झाली म्हणून केलेल्या व्यायामाचा गुडघ्यास उपयोग नाही. यास लागणारे साहित्य म्हणजे सपाट जमीन आणि एक जोडीदारीण. सबब निधीच्या अभावाची नेहमीची तक्रार येथे लागू पडत नाही.

मासिक पाळीनुसार सराव बदलावा काय, हा प्रश्न अलीकडे बराच चर्चिला जातो. अमेरिकेच्या संघाने २०१९ च्या विश्वचषकात तशी नोंद ठेवली होती. २०२० च्या एका विस्तृत समालोचनात मात्र कामगिरीवरील सरासरी परिणाम नगण्य आढळला. व्यक्तिव्यक्तींमधील तफावत मोठी होती. तेव्हा सर्वांसाठी एकच वेळापत्रक आखण्यापेक्षा प्रत्येकीने स्वतःची झोप, थकवा व पाळी यांची टिपणवही ठेवावी, आणि शिक्षकाने ती तिच्या संमतीनेच पाहावी, हे मला अधिक ग्राह्य वाटते.