चिठ्ठी नको, यादी हवी



पावसाळा सरत आला की कारखान्यावर दोन प्रकारची गर्दी सुरू होते. एक ऊसनोंदीची चौकशी करणाऱ्यांची आणि दुसरी चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांची. "पोरगं बारावी झालंय, कुठंतरी चिकटवा साहेब," असं म्हणत आपण संचालकांच्या ओसरीवर जाऊन बसतो. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. कारखाना आपला, शेअर आपला, ऊस आपला, मग नोकरी आपल्या पोराला का नको? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही सरळच द्यायला हवं.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे आम्हीही चिठ्ठी दिली. भाचा आय.टी.आय. झालेला, फिटरचा दाखला हातात, पण घरी बसून होता. ओळखीच्या एका संचालकांकडे शब्द टाकला. पोरगा मिलवर हंगामी म्हणून लागला आणि तिसऱ्या हंगामाला कायम झाला. आम्ही पेढे वाटले. आमच्याच शिवारातला एक गडी त्याच मिलवर चौदा हंगाम ऑइलमन होता. तो हंगामीच राहिला. एका रात्री आमचा ट्रॅक्टर काट्यावर रांगेत उभा असताना तो चहाला आला. म्हणाला, "अण्णा, भाचा तुमचा गुणी हाये, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण माझा नंबर कितवा, एवढं कोणी सांगितलं असतं तरी बरं झालं असतं."

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. कारखान्याजवळही नव्हतं, कारण यादीच नव्हती. आणि भाच्याचं म्हणाल, तर तो कामाला चोख आहे. पण अजूनही मिलवर त्याला 'चिठ्ठीवाला' म्हणतात. परीक्षा घेतली असती तर कदाचित तो स्वतःच्या हुशारीवर लागला असता. आम्ही त्याला ती संधीही ठेवली नाही.

हंगामी माणसाचा हा प्रश्न फार जुना आहे. गळीत चार-पाच महिने चालतं, मग मिल बंद. पुढच्या हंगामाला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे कोणाच्या तरी मर्जीवर राहतं. पंजाबातल्या मोरिंडा सहकारी साखर कारखान्याचं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९९५ साली निकाल लागला. हंगाम संपल्यामुळे काम थांबलं तर ती कामगारकपात धरता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे कारखान्याची बाजू राखली. पण त्याच निकालात कारखान्याला आदेशही दिला: हंगामी कामगारांचं रजिस्टर ठेवा, नवा हंगाम सुरू होताना आसपासच्या गावांत जाहीर करा, आणि जे हजर होतील त्यांना कामाच्या गरजेप्रमाणे ज्येष्ठतेने घ्या. आमच्या ऑइलमनने काट्यावर जे विचारलं, तेच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात तर त्याआधीच, १९७१ साली, अनुचित कामगार प्रथांना बंदी घालणारा कायदा झाला. गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकतं माप देणं ही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं हीसुद्धा.

पण कायदा बाजूला ठेवू. आपल्या खिशाचा हिशेब करू. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला तर ३ लाख टन ऊस गाळतो. उतारा नुसता एक दशांश टक्का घसरला तरी ३,००० क्विंटल साखर कमी पडते. २०१९ साली सरकारने साखरेचा किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला. त्या दराने हे ९३ लाख रुपये झाले. ही साखर जाते कुठे? मिल नीट पिळत नसेल तर बगॅसमध्ये, पॅनवर दाणा नीट बांधला नाही तर मळीत. पॅनमनच्या जागी वशिल्याचं तट्टू बसवलं, तर त्याचा पगार कारखाना देतो आणि त्याच्या चुकीची किंमत आपल्या ऊसदरातून जाते.

बॉयलरचं पाहा. तिथे सरकारी परीक्षेचा दाखला असल्याशिवाय माणूस चालत नाही, आणि त्या जागेसाठी कोणी चिठ्ठीही आणत नाही, कारण जिवाशी गाठ आहे. मग बाकीच्या खात्यांना वेगळा न्याय कशाला?

काही सभासद म्हणतील, नुसत्या ज्येष्ठतेने कारखाना चालत नाही. बरोबर आहे. वीस वर्षं तेल घातलं म्हणून फिटरकी येतेच असं नाही. म्हणून आधी कामाची परीक्षा, आणि परीक्षेत उतरलेल्यांत ज्येष्ठता, असा क्रम असावा. दुसरं म्हणणं, सभासदाच्या मुलाला काहीच प्राधान्य नको का? द्यायचं असेल तर कायद्यात बसेल तेवढं, सभेत ठराव करून, उघड नियम लिहून द्या. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बिनजमिनीच्या पोरालाही तो नियम आधी वाचता आला पाहिजे.

येत्या वार्षिक सभेत आपण एवढं मागू या:

१. गळितापूर्वी हंगामी व कायम कामगारांची ज्येष्ठता यादी टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर लावावी. त्यात पहिल्या कामाची तारीख आणि भरलेले हंगाम असावेत. हरकतीला पंधरा दिवस द्यावेत.

२. रिकामी जागा, तिची पात्रता आणि पगारश्रेणी गटऑफिसात व ग्रामपंचायतीत जाहीर करावी.

३. कामाची परीक्षा घ्यायला बाहेरचा जाणकार बोलवावा. गुण फलकावर लावावेत.

४. नात्यातला उमेदवार असेल तर त्या संचालकाने वा अधिकाऱ्याने निवडीच्या खोलीत बसू नये.

५. ज्येष्ठ असून ज्याला डावललं, त्याला कारण लेखी द्यावं.

यात कारखान्याला कागद आणि फलकापलीकडे फारसा खर्च नाही. पण उद्या यादी लागली आणि आपल्या पोराचं नाव खाली दिसलं, तर ती फाडायला आपणच पहिले जाऊ नये. खरी परीक्षा तिथे आहे.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ हे जन्माने नाशिकचे. एका मालकाच्या मर्जीऐवजी सभासदांच्या नियमाने कारखाना चालावा, हीच सहकाराची मूळ कल्पना. एका मालकाची मर्जी गेली आणि शंभर चिठ्ठ्यांची मर्जी आली, तर आपण मिळवलं काय?

तो ऑइलमन यंदाही बोलावण्याची वाट पाहतोय. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी त्याला त्याचा नंबर फलकावर वाचता यावा. आमच्यापुरतं सांगायचं, तर आमच्याकडून यापुढे चिठ्ठी जाणार नाही.