कोंबड्याच्या पिसाची माशी

गळाला काय लावलं की मासा लागतो? वडीगोद्रीच्या कुठल्याही पोराला विचारा. तो पटकन सांगेल, गांडूळ! नाहीतर कणकेची गोळी. जालन्याहून बीडच्या एसटीत बसलं, की अंबडनंतर वडीगोद्री लागतं. आणखी पुढे शहागडला गोदावरी आडवी येते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवाही याच भागातून परभणीकडे जातो. त्यामुळे उसाकापसाचा हा मुलूख असला, तरी मासे इथल्या मुलांना काही परके नाहीत.

पण समजा, कुणी म्हणालं, गांडूळ नको, कणीक नको. कोंबड्याच्या मानेवरचं एक पीस आण, चिमूटभर लोकर आण, रेशमाचा दोरा आण, आणि त्यांची एक माशी तयार कर. तिच्यावर मासा पकडू. तुम्ही म्हणाल, मासा काय एवढा खुळा असतो? नसतो! आणि म्हणूनच गेली अठराशे वर्षं माणसं या खेळाच्या नादी लागली आहेत.

अठराशे हा आकडा मी उगाच फेकलेला नाही, बरं का. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या कोळ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथल्या एका नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणाऱ्या एका माशीवर झडप घालत. पण ती माशी गळाला लावता येत नसे. माणसाने हातात धरली, की तिचा रंग उडे, पंख चुरगळत आणि मासे तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. तेव्हा कोळ्यांनी काय करावं? गळाला लाल लोकर गुंडाळली आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. मासे फसले! आज जगभर ज्याला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात, त्याची लिहून ठेवलेली सर्वांत जुनी हकीकत ती हीच. ते ठिपकेदार मासे बहुधा ट्राउट असावेत.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, धावत्या पाण्यातला मासा. आपल्या देशात तो मुळात नव्हताच. इंग्रज साहेबांना विलायतेतल्या नद्यांची आठवण येई, म्हणून त्यांनी तो आणला. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिशेल नावाच्या गृहस्थाने काश्मीरसाठी ट्राउटची अंडी मागवली. १८९९ सालची पहिली खेप वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी मात्र जगली. १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यात ट्राउट पोचला. दक्षिणेत निलगिरीवर तर १८६० च्या दशकापासून खटपट चालली होती, तिला यश यायला १९०७ साल उजाडलं.

मग आपल्या गोदावरीत का नाही आणला? आणला असता तरी एक उन्हाळा निघाला नसता! पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात दर लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला २० अंशांच्या वर घुसमटायला होतं आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. आपला मरळ मासा चिखलातही तग धरतो, वर येऊन हवेतला श्वास घेतो. ट्राउटला ती कला नाही.

आता खेळाकडे वळू. पहिली अडचण अशी, की पिसांच्या माशीला वजनच नसतं. साध्या गळाला आपण शिशाचा तुकडा नाहीतर नट बांधतो आणि भिरकावतो. पीस कसं भिरकावणार? फेकून बघा, पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीला असतं. दोरी जाड असते, टोकाकडे निमुळती होत जाते, आणि तिच्या टोकाला पारदर्शक बारीक नायलॉनचा धागा आणि त्याला माशी. काठी आठ-नऊ फूट लांब, लवचिक. पूर्वी ती बांबूच्या चिरफळ्या चिकटवून करत आणि त्यासाठी आपल्याकडचा 'कलकत्ता बांबू' विलायतेला जात असे. हल्ली कार्बनच्या तंतूंची करतात. काठी मागे न्यायची, दोरी हवेत मागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग पुढे. गाडीवानाचा आसूड पाहिला आहे ना? तसंच. फरक एवढाच, की आसूड कडाडला पाहिजे आणि ही दोरी पाण्यावर आवाज न करता टेकली पाहिजे. नवशिके तो क्षणभराचा थांबा विसरतात आणि माशी स्वतःच्याच टोपीत अडकवून घेतात.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. माशी कोणती बांधायची? इथे माशाची नव्हे, किड्यांची माहिती लागते. थंड ओढ्यांत 'मेफ्लाय' नावाचा किडा असतो. त्याचं बाळपण पाण्यात, दगडाखाली, कित्येक महिने जातं. मग तो पृष्ठभागावर येतो, कात टाकतो, पंख पसरतो आणि एक-दोन दिवसांत मरून जातो. मोठेपणी त्याला खायला धड तोंडही नसतं! ट्राउट या किड्याला बाळपणी पाण्याखाली खातो आणि मोठेपणी पाण्यावर. म्हणजे एकाच किड्याच्या दोन माशा बांधायला हव्यात, एक बुडणारी आणि एक तरंगणारी. ज्या दिवशी मासे तळाशी चरत आहेत, त्या दिवशी तरंगती माशी टाकून संध्याकाळपर्यंत बसलात, तरी हात हलवत घरी या.

शिवाय मासा खालून बघतो, हे विसरायचं नाही. पाण्यातून वर पाहिलं, की डोक्यावर एक गोल खिडकी दिसते. तिच्यातून बाहेरचं जग दिसतं आणि खिडकीबाहेरचा सगळा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. त्या आरशावर किड्याचे पाय टेकले, की तिथे खळ्या पडतात. माशाला किड्याची पहिली चाहूल लागते ती या खळ्यांतून. म्हणूनच कोंबड्याचं पीस! त्याच्या मानेवरच्या पिसाचे तंतू ताठ आणि चकचकीत असतात. ते गळाभोवती गुंडाळले, की बाटली धुण्याच्या ब्रशासारखे चहूकडे उभे राहतात. त्यांची टोकं पाण्यावर टेकतात, आरशावर सहा पायांच्या खळ्या पडतात आणि माशी तरंगते.

आणि आता शरद ऋतू. अश्विन-कार्तिकात डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी उतरतं, निवळतं. नितळ पाण्यात मासा बुजरा होतो, काठावरची सावलीसुद्धा त्याला कळते. पाण्यातले किडेही कमी झालेले असतात. पण काठचं गवत वाढून सुकू लागलेलं असतं आणि त्यातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात. एक नाकतोडा म्हणजे ट्राउटला मेजवानीच! म्हणून या दिवसांत पेटीतून पिवळ्या-तपकिरी नाकतोड्याची माशी बाहेर निघते. ती हळुवार टाकून चालत नाही बरं का, नाकतोडा पाण्यात पडतो तसं तिने 'टप्' करून पडलं पाहिजे!

हे दिवस थोडेच असतात. शरदाच्या शेवटी तपकिरी ट्राउटच्या विणीचा काळ येतो. नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खड्डा करून अंडी घालते. त्यामुळे हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायला बंदी असते. ओढ्यात पाय ठेवला तरी खड्ड्यातली अंडी चिरडू शकतात, तेव्हा बंदी योग्यच आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून गंमत वाटेल आणि थोडं वाईटही. विलायतेतल्या दुकानांत माशा बांधायला जी कोंबड्यांच्या मानेची पिसं मिळत, त्यांतली पुष्कळशी भारतातून गेलेली असत. 'इंडियन केप' याच नावाने ती विकली जात. तुमच्या उकिरड्यावर बांग देणाऱ्या गावरान कोंबड्याचे हे भाऊबंद! इथवर ठीक होतं. कोंबडा खाल्ला जायचाच, पिसं तरी कामाला आली. पण सॅमन नावाच्या मोठ्या माशासाठी एकोणिसाव्या शतकात भारी रंगीत माशा निघाल्या आणि त्यांना हवा होता आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. महाबळेश्वर, कोयनेच्या रानात पहाटे त्याची आरोळी ऐकू येते. नराच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब गोठल्यासारखे पिवळे-पांढरे ठिपके असतात. ती दोन पिसं माशीच्या दोन बाजूंना लावली, की हुबेहूब डोळे! या डोळ्यांपायी अनेक रानकोंबडे मारले गेले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि त्यांची पिसं परदेशी विकता येत नाहीत. तिकडे काही जण हे पक्षी पाळून पिसं मिळवतात, काही जण प्लॅस्टिकवर छापलेले डोळे लावतात. माशाला त्यातला फरक कळत असेल असं मला तरी वाटत नाही. जाता जाता आणखी एक. आपल्या कोंबड्यांचे पाय पिवळे असतात ना, तो पिवळेपणा या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे नातं लांबचं नाही!

ट्राउट नाही म्हणून महाराष्ट्रात हा खेळ नाही, असं मात्र समजू नका. आपल्याकडे महसीर आहे. मोठे खवले, अंगात रग, आणि माशीवर झेपावणारा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केलं आणि त्याला 'खुद्री' हे इथलंच नाव दिलं. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून गावकरी त्यांना हात लावत नाहीत. पण धरणं झाली, पाणी घाण झालं, सुरुंग लावून मासे मारले गेले आणि महसीर दिसेनासा होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याला वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरची अंडी उबवायला सुरुवात केली. लाखो पिल्लं तयार झाली, दूरदूरच्या राज्यांत गेली. २०११ साली धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असलेला हा मासा पुढे त्या धोक्यातून बाहेर आला.

छान झालं ना? थांबा. ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा एक महसीर राहत होता, जगात फक्त त्याच खोऱ्यात. आपल्या लोणावळ्याच्या पाहुण्यांची तिथे भरभराट झाली आणि तो घरचा मासा मागे पडला. २०१८ साली त्याची नेमकी ओळख पटली आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. ट्राउट आणणाऱ्या साहेबांनीही ओढ्यात आधी कोण राहतं याची चौकशी कुठे केली होती?

बरं, आता तुमचं काम. एक माशी बांधायची, पण गळाशिवाय! गळ टोचला तर काट्यामुळे सहज निघत नाही. आणि कालव्यावर एकट्याने मुळीच जायचं नाही. पाणी वरून संथ दिसतं, पण ओढ जबर असते आणि काठाच्या सिमेंटवर शेवाळ असतं. आपल्याला घरची बादली पुरे.

पावसाळा सरला, की कोंबड्या पिसं झाडतात. खुराड्याजवळ कोंबड्याच्या मानेचं लांब, चकचकीत पीस शोधा. जिवंत कोंबड्याचं उपटायचं नाही! साबणाने धुऊन वाळवा, नंतर स्वतःचे हातही धुवा. मोठ्या माणसाकडून टाचणीचं टोक पकडीने तोडून घ्या. टाचणी कपड्यांच्या चिमट्यात आडवी धरा. शिवणाच्या दोऱ्याला मेणबत्तीचं मेण चोळा आणि तो टाचणीवर घट्ट गुंडाळत न्या, हे झालं शरीर. पिसाच्या बुडाचा मऊ कापूस काढून टाका, देठ दोऱ्याने बांधा आणि पीस टाचणीभोवती चार-पाच वेढे गुंडाळा. दोऱ्याने आवळा, उरलेलं टोक कापा, तीन गाठी मारा. गाठीवर ताईच्या नेलपॉलिशचा एक थेंब, तिला विचारून! पट्टीची माणसंही गाठीवर असंच काहीतरी लावतात.

आता तशीच दुसरी माशी कोंबडीच्या पिसाची बांधा. कोंबडीचं पीस मऊ असतं. दोन्ही अलगद बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. कोणती आधी भिजते, कोणती जास्त वेळ तरंगते, वहीत लिहा. मग कोंबड्याच्या पिसाला खोबरेल तेलाचं बोट लावून पुन्हा सोडा. काचेचं मोठं भांडं मिळालं, तर खालून वर बघा. तो चकचकीत आरसा आणि त्यावरच्या खळ्या तुम्हालाही दिसतील, माशाला दिसतात तशाच.